घरी न्यायला तयार

ऑफिसात त्या माणसाला सगळे नकारघंटा म्हणायचे, तेही तोंडावर. त्याचं कामच तसं होतं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या फटी शोधायच्या आणि चारचौघांत त्या दाखवून द्यायच्या. आवाज तो कधी चढवायचा नाही. पण एखादी गोष्ट पटली नाही की मान हलवत "नाही, नाही, हे असं नाही चालणार" म्हणायचा, आणि समोरच्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

सगळ्यात जास्त आठ्या तिच्या कपाळाला पडायच्या. ती प्रोग्रॅमर होती, कामाला झपाट्याची, आणि त्या झपाट्याचा तिला जरा तोराही होता. आई-वडील ती लहान असतानाच गेले. आत्याने वाढवलं, शिकवलं, आणि अजूनही दोघी एकत्रच राहत. घरात तिचं नाव बबी. आत्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. इकडचा माणूस तिकडच्या माणसाला जोडून देण्यात सगळी उमर गेली, त्यामुळे भाची कॉम्प्युटरवर काय करते हे तिला कळत नसलं तरी लोकांचे निरोप लोकांपर्यंत पोचवते एवढं कळायचं, आणि त्याचं तिला कोण कौतुक. भाजीवाल्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ते कौतुक ऐकावं लागलं होतं.

त्या दिवसांत काम चालू होतं ते जनावरांच्या एका मोठ्या दवाखान्याचं. तिथे दाखल झालेल्या प्रत्येक जनावराची कॉम्प्युटरमध्ये नोंद व्हायची आणि प्रत्येक नोंदीवर त्याची अवस्था लिहिलेली असायची. दाखल, उपचार सुरू, देखरेखीखाली, घरी न्यायला तयार, घरी गेला. आणि एक शेवटची, मृत. अवस्था बदलली की मालकाच्या फोनवर आपोआप निरोप जायचा. कुठून कुठे जाता येतं आणि कुठून जाता येत नाही, हे तिने स्क्रीनवर चोख बसवलं होतं. मृत म्हणून नोंद झालेल्या जनावराचं पान उघडलं तर दुसरं काही निवडायची सोयच दिसायची नाही.

नकारघंटाने ते पाहिलं आणि मान हलवली.

"हे फक्त दिसत नाही एवढंच. नोंदीला स्वतःला हा नियम माहीत नाही. उद्या स्क्रीन सोडून दुसऱ्याच वाटेने कुणी अवस्था बदलली तर तिला अडवणारं कोण आहे? नियम नोंदीच्या मूळ साच्यातच, मॉडेलमध्ये लिहा. म्हणजे बदल कुठूनही येऊ दे, नोंदच म्हणेल की मी इथून पुढे जाणार नाही."

"अहो, मेलेलं जनावर जिवंत करायला कोण जाणार आहे?" ती म्हणाली.

"मुद्दाम कुणी नाही जाणार."

"मग झालं तर!"

"नाही, नाही, चुकून..."

"तुम्ही ना, मुलगी बघायला गेलात तरी अशाच शंका काढत असाल."

आजूबाजूचे सगळे खो खो हसले. नकारघंटाही थोडा हसला. "म्हणून तर अजून जमलं नाही," असं म्हणून तो आपल्या जागेवर गेला. विषय तिथेच मिटला.

पुढे दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी आणखी एक मागणी केली. संध्याकाळी जी जनावरं घरी जायच्या लायकीची झालेली असतात, त्यांची नोंद एकेक करून उघडायची म्हणजे काउंटरवरच्या मुलीचा जीव मेटाकुटीला येतो. सगळ्यांची अवस्था एका झटक्यात बदलेल असं एक बटण द्या. तिने ते हसत हसत करून दिलं. या बटणाचा मार्ग स्क्रीनवरच्या नियमांना वळसा घालून थेट आत जात होता. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. लिहिताना क्षणभर हात थांबलाही होता. पण निवडणारं माणूस बघूनच निवडेल की, असं म्हणून तिने ते तसंच पुढे रेटलं.

नेमका त्याच आठवड्यात फौजदार आजारी पडला.

फौजदार म्हणजे आत्याचा बोका. राखाडी, मानेला भरलेला, आणि जिन्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला असा न्याहाळायचा की नवखा माणूस आपण काही चोरलंय का म्हणून खिसे चाचपेल. त्याने खाणं सोडलं, पाणी सोडलं, कपाटाखाली जाऊन बसला. आत्याने त्याला टोपलीत घालून त्याच दवाखान्यात नेलं. दुसरा दवाखाना घराजवळ होता, पण आत्याने ऐकलं नाही. "तिथे तुझं मशीन आहे ना, मग मला घोर नाही," म्हणाली.

मूत्रपिंडं निकामी झाली होती. एके सकाळी डॉक्टरांचा फोन आला की फौजदार गेला. शेवटचं बघायला येता का, असंही त्यांनी विचारलं. आत्या फोन धरून उभी राहिली आणि म्हणाली, "नको. मला नाही बघवायचं. तुमच्याकडे जे करतात ते करा." मग फोन ठेवून ओटा पुसायला लागली. पुसलेला ओटा परत पुसत होती.

"आत्या, मी आज लवकर येते," बबी चपला घालता घालता म्हणाली.

ती लवकर आली नाही. त्या दिवशी ते बटण चालू व्हायचं होतं.

बटण चालू झालं. पहिल्याच संध्याकाळी काउंटरवरच्या मुलीने यादीच्या माथ्यावरचं 'सगळे निवडा' दाबलं आणि मग नवीन बटण दाबलं. तिला वाटलं, जे तयार आहेत तेच यात असणार. यादीत त्या आठवड्यातली सगळीच जनावरं होती, गेलेलीसुद्धा. प्रोग्रॅमने कुणाला काही विचारलं नाही. जिवंत, मेलेली, सगळ्यांच्या मालकांना एकच निरोप गेला. तुमचा सोबती घरी न्यायला तयार आहे, लवकर या, तो तुमची वाट पाहतोय. 'वाट पाहतोय' हे शब्दही तिनेच सुचवले होते. नुसतं 'तयार आहे' तिला कोरडं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना ही बातमी ऑफिसात हसण्यावारी आली. दवाखान्याशी बोलणी करणारा एक सहकारी फोन ठेवून आला तोच पोट धरून. "ऐका, ऐका. काल मेलेल्या जनावरांच्या घरीही निरोप गेले, न्यायला या म्हणून! आणि एक बाई खरंच आली हो आज सकाळी! द्या म्हणून हटूनच बसली. काउंटरवरच्या मुलीला घाम फुटला."

सगळे हसले. मग सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, कारण प्रोग्रॅम तिचा. आतून काहीतरी टोचलं, पण सगळे बघत असताना माणूस टोचण्याकडे लक्ष देत नाही. ती डबा बंद करत म्हणाली, "मग? आमची सेवा मरणोत्तरही चालू असते!"

टेबल दणाणलं. कुणीतरी पाणी पिताना हसलं आणि ठसका लागला. दोन-तीन जणांनी हे वाक्य दुपारभर पुन्हा पुन्हा म्हटलं. नकारघंटा मात्र जेवण अर्धवट टाकून उठला आणि हात धुवायला गेला.

तिने जागेवर येऊन बटण बंद केलं, उद्या बघू म्हटलं, आणि त्या दिवशी ठरल्या वेळेच्या आधीच घरी निघाली.

जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. "काय गं, मिळालं का मांजर?" त्यांनी विचारलं.

"कुठलं मांजर?"

"तुमचा फौजदार गं. सकाळी आत्या गाडी बोलावून गेल्या ना टोपली घेऊन. केवढ्या खुशीत होत्या! मला म्हणाल्या, बघा, मेला नव्हताच, दवाखान्यात अदलाबदल झाली होती. बबीच्या मशीनने पत्ता लावला."

तिच्या हातातली पिशवी एकदम जड झाली. काकू पुढे काहीतरी बोलत होत्या, ती मान हलवत होती, पण एक अक्षर कानात शिरत नव्हतं. एक बाई खरंच आली हो. द्या म्हणून हटूनच बसली. जेवणाच्या टेबलावरचं हसू तिला पायऱ्या चढताना ऐकू येत होतं, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज तिचा होता.

आत्या खिडकीपाशी बसून कपड्यांच्या घड्या करत होती. टोपली गॅलरीत पालथी वाळत घातलेली.

"आज लवकर कशी?" आत्या म्हणाली.

"काकू भेटल्या जिन्यात."

आत्याचा हात थांबला. मग तिने एक टॉवेल उचलून त्याची फार नीट घडी केली. "काही नाही गं, त्यांच्याकडे काहीतरी घोळ झाला होता. माझंच चुकलं. फोन करून विचारायला हवं होतं."

"आत्या, काय झालं ते सांग ना."

"सांगण्यासारखं काय आहे त्यात? निरोप मी सकाळी पाहिला, तू गेल्यावर. मी म्हटलं, डॉक्टरांनी फोनवर सांगितलं ते तोंडी. माणूस चुकतं. पण हा निरोप तुझ्या मशीनचा. ते कसं चुकेल? म्हणजे गेलं ते दुसऱ्या कुणाचं मांजर, आपलं नाही." ती टॉवेलाकडेच बघून बोलत होती. "ती काउंटरवरची पोर म्हणते, आजी, तुमचं मांजर नाहीये. मी म्हटलं, नाहीये कसं? माझ्या भाचीने बनवलंय हे सगळं, ते खोटं बोलणार नाही, तूच नीट बघ. जरा जास्तच बोलले तिला. सगळी माणसं बघत होती. शेवटी बिचाऱ्या डॉक्टरांनी मला आत नेलं, म्हणाले, तुम्हीच बघून घ्या. एकेक पिंजरा दाखवला. मी प्रत्येकापुढे उभी राहून हाक मारत होते."

"हाक?"

"फौजदार म्हणून. ओ देईल असं वाटलं." आत्याने घडी बाजूला ठेवली. "एका पिंजऱ्यात कुत्रं होतं. त्याच्यापुढेसुद्धा मारली. वेडच की गं."

बबीला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. ते आलं नाही. चेहरा नुसता तापत राहिला, कानाच्या पाळ्यांपर्यंत. चूक माझी आहे, एवढे तीन शब्द तोंडाशी आले होते. पण आत्या म्हणाली, "तू नको मनाला लावून घेऊस. तुझं काम चोख असतं, मला माहीत आहे. त्या मुलीनेच काहीतरी भलतं दाबलं म्हणे." आणि ते तीन शब्द तिने गिळले.

सकाळी साहेबांनी सगळ्यांना एका खोलीत बोलावलं. दवाखान्याचे मोठे डॉक्टर फोनवर होते. ते म्हणाले, काउंटरवरच्या मुलीने न बघता सगळे निवडले, तिला सांगितलंय की महिनाअखेर दुसरीकडे बघ. साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. "म्हणजे वापरणाऱ्याची चूक. आपल्याकडे काही नाही ना?" हा प्रश्न तिला होता.

नकारघंटाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. या वेळी त्याने मान हलवली नाही.

"तशी... हो," ती म्हणाली. "निवडायला नको होते."

खोलीतून सगळे उठून गेले तरी ती बसूनच राहिली. एखाद्याच्या अंगावर चिखल उडवावा आणि वर त्यालाच विचारावं की इतका मळका कसा, तसं आपण केलं, हे तिला लख्ख दिसत होतं. ती काउंटरवरची मुलगी तिने एकदाच पाहिली होती, बटण दाखवायला गेली होती तेव्हा. "ताई, आता माझं काम खूप हलकं होईल," असं म्हणून तिने चहा आणून दिला होता. आता तिचं काम अगदीच हलकं होणार होतं.

बबी उठली आणि साहेबांच्या खोलीत गेली.

"सर, मी खोटं बोलले. चूक माझी आहे."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आता कशाला? मिटलंय ना ते?"

"मिटलेलं नाही. मेलेल्या जनावराची नोंद परत 'तयार' होऊ शकते हे मला माहीत होतं. मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. त्या मुलीने काहीही निवडलं असतं तरी प्रोग्रॅमने नाही म्हणायला हवं होतं. ते नाही म्हणणं मी लिहिलंच नाही."

"हे डॉक्टरांना सांगितलं तर काम हातचं जाईल."

"जाऊ दे. नाहीतर मी सांगते, माझ्या नावाने."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तूच सांग," ते म्हणाले. त्यात शाबासकीचा लवलेश नव्हता.

तिथून ती नकारघंटाकडे गेली. माफी मागायची तयारी करून गेली होती, पण तोंड उघडेपर्यंत त्याने शेजारची खुर्ची पुढे ओढली. "बसा. आता मॉडेलमध्ये लिहून टाकू."

तिने लिहिलं. कुठल्या अवस्थेतून कुठे जाता येईल ते सगळं नोंदीच्याच पदरात बांधलं, आणि मोठ्या बटणालाही त्याच वाटेवर आणलं. आता बदल कुठूनही आला तरी नोंद आधी स्वतःची अवस्था बघणार आणि नियमात बसत नसेल तर तिथेच अडवणार. मृत या अवस्थेतून बाहेर जाणारी वाटच तिने ठेवली नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"नाही, नाही," तो म्हणाला.

"आता काय?"

"एखादं जिवंत जनावर चुकून मृत म्हणून नोंदवलं गेलं तर? ते दुरुस्त करता यायला हवं. पण फक्त डॉक्टरांना, कारण लिहून, आणि त्यावर मालकाला आपोआप निरोप जाता कामा नये. डॉक्टरांनी स्वतः फोन करायचा."

तिला हे सुचलंच नव्हतं. "त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुमची टर उडवली," ती म्हणाली.

"हं," तो म्हणाला. "काल दुपारचं मला जास्त लागलं. जाऊ दे, ही ओळ जरा वर घ्या."

मेलेल्या जनावरांचा असा निरोप गेलेली घरं आत्याचं धरून तीन होती. उरलेल्या दोन घरी तिने स्वतः फोन केले. एका गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या घरची बाई म्हणाली, "माझ्या मुलीने सशाच्या खुराड्यात नवं गवत घातलं होतं. तिला काय सांगू ते सांगा, म्हणजे मी तेच सांगते." बाई वाट बघत राहिली, मग म्हणाली, "नाही ना सुचत? मलाही नाही."

मोठ्या डॉक्टरांनी तिचं सगळं बोलणं शांतपणे ऐकलं. त्या मुलीला ठेवतो म्हणाले. पुढचं काम तुमच्याकडे राहील की नाही ते नंतर कळवतो, असंही म्हणाले.

आत्याला सांगणं सगळ्यात अवघड होतं. संध्याकाळी दिवे लावायच्या आधी ती तिच्यासमोर जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. नियम, बटण, नकारघंटाचं बोलणं, साहेबांसमोरचं 'तशी हो'. आत्या ऐकत होती. मधून "असं होय" म्हणत होती. हे सगळं ती पोटात घालेल असा रंग दिसत होता, आणि तिथेच थांबता आलं असतं. पण बबी थांबली नाही.

"आणि आत्या, ऑफिसात त्यांनी सांगितलं की एक बाई मेलेलं जनावर न्यायला आली, तेव्हा सगळे हसले. मीही हसले. मी एक विनोदसुद्धा केला."

"माझ्यावर?"

"तू होतीस हे माहीत नव्हतं."

"दुसरी कुणी असती तर चाललं असतं?"

आत्या उठली, गॅलरीत गेली आणि पाठ करून उभी राहिली. त्या दिवशी तिने बबीला वाढलं, पण स्वतः शेजारी बसली नाही. नंतरचे काही दिवस घरात 'दूध संपलंय' आणि 'किल्ली घेतलीस का' एवढंच बोलणं झालं. ज्या आत्याने शाळेतल्या नापासाच्या निकालावरही कधी अबोला धरला नव्हता, तिच्या त्या मोजक्या शब्दांनी बबीला घरात पाहुण्यासारखं वाटायला लागलं. पाण्याचा पेला घेतानासुद्धा तिचा हात बिचकायचा.

मग एका सकाळी ऑफिसला निघताना आत्याने विचारलं, "त्या काउंटरवरच्या पोरीची नोकरी?"

"राहिली."

"बरं." आत्याने साडीचा पदर खोचला, परत सोडला. "मला तिच्याकडे जायचंय. सगळ्या लोकांसमोर तिला खोटारडी म्हणाले मी. तुला सांगताना 'जरा जास्त बोलले' म्हटलं होतं. खोटारडी म्हटलं होतं, बबे."

"मी येऊ?"

"नाहीतर काय, एकटी जाऊ? मला लाज वाटते."

दवाखान्यात गर्दी होती. काउंटरवरच्या मुलीने दोघींना ओळखलं. तिचा चेहरा आधी आक्रसला, मग कोरा झाला. "बसा, नंबर आला की बोलावते," ती म्हणाली.

"आमचं जनावर नाहीये गं," आत्या म्हणाली. "तुझ्याशीच काम आहे."

"मग गर्दी सरेपर्यंत थांबावं लागेल."

दोघी भिंतीलगतच्या बाकावर बसल्या. शेजारी एक माणूस पिंजऱ्यातल्या पोपटाला हळू आवाजात रागावत होता. पलीकडे एक मोठं कुत्रं मालकिणीच्या पायाखाली शिरायला बघत होतं. मुलगी एकेकाला बोलावत होती, नावं लिहून घेत होती, आणि मधून त्यांच्याकडे बघत होती. उठून जातात का, तेच बघत असावी. बबीने काय बोलायचं ते मनात जुळवून पाहिलं, पण प्रत्येक वाक्य अर्ध्यावरच लंगडं पडत होतं.

"आधी मी बोलते," आत्या कुजबुजली.

"नको, आधी मी."

"मोठी कोण आहे?" आत्याने विचारलं, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या दंडाला चिमटा काढला, जोरात, अगदी लागेल असा.

पोपटवाल्याचा नंबर आला. गर्दी अजून बरीच होती.